खेळ आणि खजिना – लेखांक ६ : शंभर रुपयांच्या तिकिटाचा हिशेब

मोठ्या सोहळ्यांनंतर ओस पडणाऱ्या स्टेडियमांविषयी आपण गेल्या आठवड्यात बोललो. महिलांच्या स्पर्धांना त्या दुखण्याची बाधा सहसा होत नाही, कारण त्यांच्यासाठी नवं स्टेडियम बांधायचा विचारच क्वचित होतो. असलेलं मैदान वेळेवर मिळालं तरी पुष्कळ, अशी अवस्था होती. २०१३चा महिला क्रिकेट विश्वचषक मुंबईत झाला तेव्हा वानखेडे ठरलं होतं. पण मुंबईचा संघ रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि विश्वचषकाला आपलं बिऱ्हाड ब्रेबॉर्नवर हलवावं लागलं. पाकिस्तानच्या संघाचे सामने कटकला नेले गेले आणि खेळाडूंचा मुक्कामही बाराबती स्टेडियमच्या आवारातच पडला. पुरुषांचा विश्वचषक रणजीसाठी असा बाजूला सरकवला असता का? विचारायचीही सोय नाही.

बारा वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ३९,५५५ प्रेक्षक होते. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झाला, मध्यरात्रीच्या सुमारास संपला आणि भारत ५२ धावांनी जिंकला. गंमत अशी, की हे यजमानपद नवी मुंबईच्या वाट्याला ऐनवेळी आलं होतं. बेंगळुरूत जूनमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीनंतर तिथले सामने इकडे वळवले गेले. ते निभावलं, कारण मैदान २००८पासून उभं आहे आणि राबतं आहे. २०२२मध्ये याच मैदानावर महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत झाली, त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचीही. वेगळं बांधकाम नाही, वेगळं कर्ज नाही. यजमानपदाच्या जमाखर्चात माझ्या मते ही सगळ्यात भक्कम जमा आहे, आणि ती कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही.

आता शहराला मिळतं काय ते पाहू. साखळी सामन्यांची तिकिटं १०० रुपयांपासून होती. पनवेलचं चौघांचं कुटुंब धरा. चारशेची तिकिटं, लोकलचं भाडं, वडापाव, चहा, एखादी निळी जर्सी. हे सगळं ‘शहराला झालेला फायदा’ म्हणून अहवालात मोजलं जातं. पण ते कुटुंब त्या दिवशी सामन्याला गेलं नसतं, तर बहुधा मॉलमध्ये किंवा सिनेमाला गेलं असतं. पैसा तोच, गल्ला फक्त दुसऱ्याचा. शहरात खरोखर नवा पैसा येतो तो बाहेरून येऊन मुक्काम करणाऱ्यांकडून: नाशिकहून, सुरतहून किंवा परदेशातून आलेला माणूस हॉटेलची खोली घेतो, रिक्षा करतो, दोन वेळ जेवतो. सगळी तिकिटं शंभराची धरली, तर ४५ हजार खुर्च्यांचं स्टेडियम भरूनही ४५ लाखच जमतात. प्रक्षेपण आणि प्रायोजकांचा मोठा पैसा आयसीसीकडे जातो, महापालिकेकडे नाही. त्यामुळे अमुक कोटींची उलाढाल झाली असं कुणी सांगितलं, की उलाढाल कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात, हे आधी विचारावं.

स्वित्झर्लंडने २०२५च्या महिला युरो फुटबॉल स्पर्धेत एक शहाणपणा केला. सामन्याच्या तिकिटावरच सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास दिला. तिथलं सरकार स्पर्धेसाठी सुरुवातीला ४० लाख फ्रँकवरच भागवू पाहत होतं. संसदेने आग्रह धरून दीड कोटी करून घेतले. स्पर्धेला साडेसहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. आपल्याकडे सामन्याच्या तिकिटावर हार्बर मार्गाचा प्रवास जोडून देणं काही अशक्य नाही, मनावर घेतलं तर.

सामाजिक परिणामाविषयी फार गोड बोललं जातं. मुलींना प्रेरणा मिळते, हे खरंच. पण प्रेरणा घेऊन आलेली मुलगी तिसऱ्या दिवशी मैदानावर कपडे कुठे बदलणार? कितीतरी मैदानांवर स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे, ते ठाऊक नसतं. ऑस्ट्रेलियाचा संघ २०२३च्या फुटबॉल विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला, तेव्हा तिथल्या सरकारने महिला आणि मुलींच्या खेळसुविधांसाठी २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. चेंजिंग रूमसारख्या साध्या गोष्टीही त्यात आल्या. आपल्याकडे मात्र जिंकल्यावर पहिला हात बक्षिसाकडे जातो. महाराष्ट्र सरकारने स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले. त्यांनी ते कमावले आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण स्मृती सांगलीची, आणि सांगलीतल्या पुढच्या मुलीला त्या धनादेशाचा उपयोग नाही.

तिला उपयोग होईल असा निर्णय डिसेंबर २०२५मध्ये झाला, तो बीसीसीआयकडून. देशांतर्गत स्पर्धेत खेळणाऱ्या वरिष्ठ महिला खेळाडूचं मानधन दिवसाला २० हजारांवरून ५० हजारांवर गेलं. मुलीला खेळू द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या घरात असा आकडा वजनदार ठरतो. राहिलं मैदान. ते महापालिकेचं किंवा शाळेचं असतं, आणि तिथे विचारणारे आपणच आहोत. आपल्या वॉर्डातल्या मैदानावर मुलींसाठी खोली आणि चालू नळ आहे का, ते एकदा पाहून या आणि नसेल तर नगरसेवकाकडे लेखी मागा.