काचपात्रातील वनस्पतींचे पोषण

पिकाला खत लागते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु घरातील काचपात्रात माशांच्या सोबतीने वाढणाऱ्या पाणवनस्पतींनाही अन्न लागते, याचा पुष्कळांना विसर पडतो.

लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एकाच पात्रात गोल्डफिश, गोगलगाई आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पती उजेडात माशांना प्राणवायू पुरवी व गोगलगाई तिची कुजकी पाने खाऊन टाकीत.

मासेही वनस्पतींचे ऋण फेडतात. त्यांच्या उत्सर्गातून अमोनिया निर्माण होतो व जीवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अशा रीतीने वनस्पतींना नत्र आयतेच मिळते. माशांच्या उरलेल्या अन्नातून स्फुरदही मिळते. पालाश आणि लोह यांची मात्र अनेकदा उणीव भासते. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर बहुधा लोह कमी पडले असे समजावे. जुन्या पानांना बारीक छिद्रे पडू लागली, तर पालाश. जे उणे असेल तेच, पाणवनस्पतींसाठी तयार केलेल्या खताच्या रूपाने, अल्प प्रमाणात द्यावे.

शेतातील युरिया किंवा शेणखत या पाण्यात कधीही घालू नये. त्यातून निघणारा अमोनिया माशांचे प्राण घेतो. खत प्रमाणाबाहेर झाले, तर शेवाळ माजून पाने झाकून टाकते. पात्रातील जादा खताला वाहून जाण्यास वाट नसते. पाणी बदलेपर्यंत ते तेथेच साठून राहते. म्हणून आधी पानांकडे पाहावे, मगच खताला हात लावावा.