जांघेतले अवधाण काय सांगते?

दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत अनवाणी काम करताना पायाला काटा रुततो, काच लागते. दोन दिवसांनी जांघेत दुखरी गाठ येते. बोलीत तिला अवधाण म्हणतात. मग गाठ चोळली जाते, शेकली जाते. मूळ मात्र खाली पायात असते.

ही गाठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. जखमेतून शिरलेले जंतू लसिकावाहिन्यांतून इथे येतात आणि पांढऱ्या पेशी त्यांना अडवतात. या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. त्यांपैकी टी-पेशींना छातीतल्या थायमस ग्रंथीत आपले-परके ओळखण्याचे शिक्षण मिळते. रक्तात शिरलेले जंतू प्लीहा, म्हणजे पाणथरी, गाळून काढते. घशात टॉन्सिल्सचा पहारा असतो.

म्हणून अवधाण चोळू नये. जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. थंडी-ताप आला किंवा जखमेपासून वर चढणारी लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम नसताना आलेली, टणक, न दुखणारी किंवा दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारी गाठ तपासून घ्यावी. तिच्यामागे क्षय असू शकतो, क्वचित कर्करोगही.