नर नाही, तरी अंडी! पिंजऱ्यातल्या पक्ष्याची काळजी



वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. एका संध्याकाळी वाचन संपले, चटया गोळा होऊ लागल्या, तेव्हा एक आजी मागे थांबल्या. नातीने हट्ट करून आणलेल्या हिरव्या लव्हबर्डने पिंजऱ्यात तीन अंडी घातली होती. पिंजऱ्यात पक्षी एकच. आजींनी विचारले, "नर नाही, तर अंडी आली कुठून गं? शेजारीण म्हणते, अपशकुन आहे. आणि ती अंडी फेकली तर आपलं पंचशील मोडेल का?"

हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. गेल्या वर्षी आमच्यापैकीच एकीच्या घरी असाच पक्षी होता. तो अंडे घाली आणि घरचे ते उचलून टाकत. पिंजरा स्वच्छ राहावा, एवढाच हेतू. पुन्हा अंडे, पुन्हा उचलले. अकरा अंडी झाली. बाराव्याच्या वेळी पक्षी अंग फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. कोणीतरी सांगितले म्हणून चोचीत एरंडेल घातले. सकाळी पक्षी मेला होता. माया होती, माहिती नव्हती. तीच माहिती या वेळी आरोग्य पानावर देत आहोत.

अपशकुन नव्हे, निसर्ग

आपल्याकडे बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून जो छोटा रंगीत पक्षी मिळतो, तो बहुतेक वेळा बजरीगर असतो. मुंबईत महात्मा जोतिबा फुले मंडईत, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटात, तो पिंजऱ्याने विकला जातो. मूळचा तो ऑस्ट्रेलियाचा. चोचीच्या वर नाकपुड्यांचा जो मऊ भाग असतो, तो वयात आलेल्या नराचा साधारणपणे निळा आणि मादीचा फिकट पांढरट किंवा तपकिरी असतो. काही पिवळ्या-पांढऱ्या जातींत मात्र ही खूण फसवते.

मादीला अंडे घालायला नर लागत नाही. दुकानात मिळणारी पोल्ट्रीची अंडी कोंबड्याशिवायच येतात, तसेच हे. नराशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू कधीच निघत नाही. कोणी नजर लावली नाही, कोणी करणी केली नाही. मादीच्या शरीराने 'आता हंगाम आहे' असे ठरवले, इतकेच.

पण एकदा-दोनदा अंडी घालणे वेगळे आणि थांबता न येणे वेगळे. बजरीगर मादी साधारण एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. तिचे वजन ३० ते ४० ग्रॅम, आणि एक अंडे सुमारे २ ग्रॅमचे. म्हणजे पन्नास किलोच्या बाईने दर दिवसाआड तीन किलोचे मूल जन्माला घालावे, तसे. अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम पुरेसे खाण्यातून आले नाही, तर ते तिच्या हाडांतून निघते. मग हाडे ठिसूळ होतात, स्नायूंतली ताकद जाते आणि एखादे अंडे बाहेरच पडत नाही. लागोपाठच्या बाळंतपणांनी झिजलेल्या बायका आपल्या वस्त्यांनी पाहिल्या आहेत. हे दुखणे आपल्याला नवे नाही.

एका खोलीचे घर आणि पक्ष्याचा हंगाम

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात पाऊस पडला, गवताला दाणा आला, की हे पक्षी अंडी घालतात. दाणा संपला की थांबतात. आता आपले घर पाहा. दहा बाय बाराची खोली, रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट आणि टीव्ही, वाटीत सदा दाणे, पिंजऱ्यात हौसेने टांगलेला मातीचा मटका, समोर आरसा. पक्ष्याच्या शरीराला वाटते, दिवस मोठा आहे, खायला भरपूर आहे, घरटे तयार आहे, जोडीदारही समोर आहे. आपल्या खोलीत त्याचा हंगाम बारा महिने संपतच नाही.

उपायही यातूनच निघतो. हंगाम संपल्याची खूण आपण घरातच तयार करायची.

अंडी लगेच उचलू नका

पहिली गोष्ट हीच, आणि इथेच आमची चूक झाली. अंडे उचलले की मादीला वाटते, आपली अंडी कमी पडली. ती भरून काढायला पुन्हा घालते.

म्हणून अंडी जिथे घातली तिथेच राहू द्या, पिंजऱ्याच्या तळाशी असली तरी. तिला बसू द्या. साधारण अठरा ते एकवीस दिवसांत पिल्लू निघत नाही हे पाहून ती आपणच उठून जाते. तिने दोन-तीन दिवस अंड्यांकडे पाहिले नाही, की मग ती काढा. एखादे फुटले तर तेवढे काढून त्याच आकाराचा पांढरा प्लास्टिकचा मणी ठेवा. मणी चोचीत मावेल इतका लहान नको.

मटक्यात अंडी असतील तर मटका मध्येच ओढून काढू नका. ती सोडून गेली, की मटका कायमचा बाहेर. अजून अंडे घातलेलेच नसेल, तर आजच काढा. मटका म्हणजे तिचे घर नव्हे, तिला अंडी घालायचे ते आमंत्रण आहे.

हंगाम मोडायचा कसा?

अंधार : पक्ष्याला रोज सुमारे चौदा तासांचा सलग अंधार हवा. संध्याकाळी सहाला पिंजऱ्यावर जाड, गडद सुती कापड टाका आणि सकाळी आठला काढा. खालून आणि एका बाजूने हवा येऊ द्या. एका खोलीत दिवा बंद ठेवता येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. जुनी सतरंजी किंवा दुहेरी केलेली चादर चालते. टीव्हीपासून पिंजरा लांब, भिंतीच्या कडेला ठेवा. दोन-तीन आठवडे नेमाने करा. एक दिवस केले आणि दोन दिवस सोडले, तर उपयोग नाही.

जागा : पिंजऱ्याची जागा बदला, आतल्या दांड्यांची मांडणी बदला. घर बदलल्यासारखे झाले की मादी अंडी घालायला बिचकते. मात्र ती अंड्यांवर बसलेली असताना हे करू नका. मोकळी सोडली तर ती कॉटखाली किंवा कपाटामागच्या अंधाऱ्या फटीत शिरणार नाही, याकडे लक्ष ठेवा.

आरसा आणि हात : आरसा काढून टाका. कुरवाळायचे तर फक्त डोके आणि मान. पाठीवरून किंवा पंखाखालून हात फिरवला की मादीला ते नराचे बोलावणे वाटते. मुलांना हे समजावून सांगा.

खाणे : उपाशी ठेवायचे नाही, पण वाटी सदा भरलेली नको. एका पक्ष्याला दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे राळा-बाजरी पुरते. सूर्यफुलाचे बी आणि मऊ, गोड, कोमट खाणे या काळात बंद. रोज थोडी मेथी, कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला द्या. पालक क्वचितच, कारण तो कॅल्शियम अंगी लागू देत नाही. चहा, चॉकलेट, खारे फरसाण, कांदा आणि अव्होकॅडो कधीच नको.

हाडे : पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेण मिळते. ते पिंजऱ्याला अडकवून ठेवा. ते नसेल तर कोंबडीच्या अंड्याची टरफले दहा मिनिटे उकळा, वाळवून बारीक कुटा आणि चिमूटभर वेगळ्या वाटीत ठेवा. सकाळचे कोवळे ऊन पंधरा-वीस मिनिटे द्या. काचेतून आलेले ऊन कामाचे नाही. अर्ध्या पिंजऱ्यावर सावली असू द्या आणि मांजर-कावळ्यापासून जपायला कोणीतरी शेजारी बसा.

अंडे अडकले तर

ही चिन्हे नीट लक्षात ठेवा : पक्षी अंग फुगवून तळाशी बसतो, शेपूट श्वासाबरोबर वरखाली होते, तो कुंथतो, पाय लुळे पडतात, खात नाही. शेपटीखाली लालसर मांस बाहेर आलेले दिसते तेही याच धोक्याचे. अशा वेळी उद्याची वाट पाहू नका. काही तासांत जीव जाऊ शकतो.

हवेची भोके पाडलेल्या खोक्यात पक्ष्याला ठेवा. एका बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. दुसरी बाजू मोकळी सोडा, म्हणजे ऊब जास्त झाली तर त्याला सरकता येईल. जवळ ओले फडके ठेवा. आणि तसेच डॉक्टरकडे न्या. पोट दाबू नका, अंडे ओढू नका, एरंडेल किंवा कुठलेही तेल पाजू नका. आत अंडे फुटले तर पक्षी वाचणे कठीण.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचे मोठे, जुने रुग्णालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. पक्षी तपासणारे डॉक्टर कुठे आहेत, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. घरचे उपाय करूनही मादी पुन्हा पुन्हा अंडी घालत असेल तरी डॉक्टरांना दाखवा. त्यासाठी हार्मोनचे इंजेक्शन असते.

एक गोष्ट आपल्या आरोग्याची. पक्ष्याची वाळलेली विष्ठा झाडून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, नाकाला रुमाल बांधा, हात साबणाने धुवा. त्या धुळीतून माणसाला तापाचा एक आजार होऊ शकतो. घरात कोणाचा ताप-खोकला हटत नसेल, तर घरी पक्षी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या आजारावर औषध आहे.

पंचशीलाचा प्रश्न

आता आजींचा दुसरा प्रश्न. एकट्या मादीच्या अंड्यात जीव नाही. ते काढल्याने प्राणिहिंसा होत नाही. मन निःशंक ठेवा.

नर-मादी एकत्र असतील तर गोष्ट वेगळी. पिल्ले नको असतील तर दोघांना वेगळ्या पिंजऱ्यात ठेवणे हा सर्वात चांगला मार्ग, म्हणजे प्रश्नच उभा राहत नाही. अंडे आलेच, तर ज्या दिवशी घातले त्याच दिवशी ते दहा मिनिटे उकळून, पूर्ण गार करून परत ठेवतात. सलग ऊब मिळाल्याशिवाय अंड्यात पिल्लाची वाढ होत नाही. पण पाच-सहा दिवस उबवलेले अंडे टॉर्चवर धरले आणि लाल शिरा दिसल्या, तर आत पिल्लू घडते आहे. ते उकळू नका. त्याला वाढवण्याची जबाबदारी घ्या.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांतला फरक दाखवला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याच्या विवेकावर विश्वास ठेवते. मारण्याची इच्छा आणि गरज यांतही त्यांनी भेद केला आहे. आमच्या मते झिजून चाललेल्या मादीचा जीव वाचवणे ही मैत्रीच आहे. ज्या घराला उकळणे पटत नसेल, त्यांनी पिंजरे वेगळे करावेत. काहीच न करता पाहत राहणे मात्र पहिल्या शीलात बसत नाही.

आणि 'मुक्त केले' म्हणून हे पक्षी आकाशात सोडू नका. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला बजरीगर इथे दाणा शोधू शकत नाही, कावळे त्याला टिपतात. आपला रानातला हिरवा पोपट किंवा मुनिया मात्र पिंजऱ्यात ठेवूच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

आजींनी मटका काढला नाही, मादी त्यात बसली होती. नातीने कॅलेंडरवर एकवीस दिवस मोजले. विसाव्या दिवशी मादी दांडीवर येऊन बसली, ती पुन्हा मटक्यात गेली नाही. आता तो मटका दारात आहे, त्यात तुळस नाही, कढीपत्ता लावलाय. आणि संध्याकाळी सहा वाजले की नात पिंजऱ्यावर आजीचे जुने लुगडे टाकते, मगच अभ्यासाला बसते.

जयभीम! नमो बुद्धाय!