खरवड कोणाच्या वाट्याची?

वही-पेन घेऊन बसा, आणि चुलीवर काही ठेवलं असेल तर आच जरा कमी करा. आज आपल्याला बटाटा, कांदा आणि चीज यांचा भाजलेला पदार्थ करायचा आहे. शहरात त्याला पोटॅटो बेक म्हणतात. आमच्या गटात त्याचं नाव ‘थराचा बटाटा’ पडलंय, तेच आपण इथे वापरू.

गेल्या काही बैठकांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. “ताई, पोरं लग्नाकार्यात ते चीजवालं खातात आणि घरी येऊन मागतात. आपल्याकडे ओव्हन नाही, मग ते होतं का?” होतं. बटाटा, कांदा, दूध घरात असतंच. विकत आणायचं ते फक्त चीज, आणि तेही थोडं.

आमच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर पावसाळी बटाटा निघतो. शेजारच्या जुन्नरात कांदा. बाजारात भाव पडला की बारीक बटाटा आणि गोल्टी कांदा कुणी विचारत नाही, तो घरातच पडून राहतो. या पदार्थाला असा माल उत्तम चालतो, कारण सगळं चिरूनच घालायचं असतं.

हा पदार्थ मूळचा आपला नाही. फ्रान्समधल्या डोंगराळ दोफिने भागात दुधात भाजलेला बटाटा करतात, आणि १७८८ सालच्या एका मेजवानीत त्याची नोंद सापडते. त्याला तिकडे ‘ग्रातँ’ म्हणतात. हा शब्द आला खरवडणे या अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे भांड्याला धरलेली, खरवडून काढायची ती खमंग साय. आपल्या दुधाच्या पातेल्याची खरवड आठवली ना? लहानपणी तिच्यासाठी आपण भावंडांशी भांडलोय. पुढे सासरी आल्यावर मात्र पातेलं खरवडणं हे काम झालं, आणि खरवड उरली तर आपली. हे लक्षात ठेवा, शेवटी त्याकडे परत यायचंय.

आधी आमची फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही चाळीस प्लेटची ऑर्डर घेतली. कच्चा कांदा चिरला, कच्च्या बटाट्यावर पसरला, वर भरपूर चीज घातलं आणि भाजायला ठेवलं. झाकण काढलं तर खाली पाणीच पाणी! बटाटा कुठे गाळ, कुठे करकरीत. लोकांनी वरचं चीज खाल्लं आणि खालचं प्लेटमध्ये तसंच ठेवलं. लाजेनं आम्ही ठरल्यापेक्षा कमी पैसे घेतले. रात्री हिशोब लिहिताना दुसरी चूक दिसली, तीही शेवटी सांगू.

पहिली चूक होती पाण्याची. कांद्यात बहुतेक भाग पाणीच असतं. ते आधी काढलं नाही तर भांड्यात उतरतं. पावसाळी लाल कांद्यात ते जास्तच, म्हणून तो टिकतही नाही. चाळीतला उन्हाळी कांदा या कामाला बरा.

आता साहित्य लिहून घ्या. आठ जणांचं माप आहे. बटाटे एक किलो. कांदे अर्धा किलो. दूध अर्धा लिटर. लोणी किंवा तूप चार चमचे. मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक दोन मोठे चमचे. लसणाच्या सहा-सात पाकळ्या, अर्धा चमचा मिरपूड, मीठ. चीजच्या चार वड्या, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम. आणि शिळ्या भाकरीचा चुरा एक वाटी. पुन्हा सांगतो : बटाटे एक किलो, कांदे अर्धा किलो, दूध अर्धा लिटर, चीज शंभर ग्रॅम.

चीज घेताना पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. घटकांत दुधाऐवजी पाम तेल किंवा वनस्पती तेल लिहिलं असेल, तर ते खरं चीज नव्हे. ते स्वस्त पडतं, पण आपल्या घरचं दूध सोडून तेल कशाला विकत घ्यायचं?

इथे बायका विचारतात, “मग घरचं पनीर घातलं तर?” घाला, पण ते वितळणार नाही. लिंबाने फाडलेल्या दुधाचं पनीर तापवलं तरी तसंच राहतं. चीज वेगळ्या पद्धतीने लावलेलं असतं, म्हणून मऊ होऊन पसरतं. आम्ही दोन वड्या चीज कमी करून आत वाटीभर पनीर कुस्करून घालतो आणि उरलेलं सगळं चीज वर. पोट भरतं, चव राहते, खर्च उतरतो.

पहिलं काम कांद्याचं. कांदा उभा, पातळ चिरा. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तूप, त्यात कांदा आणि चिमूटभर मीठ. मीठ घातल्यावर कांद्याला लवकर पाणी सुटतं. मंद आचेवर वीस मिनिटं तरी परतायचा. घाई केली तर कडा करपतात आणि आत पाणी राहतं. कढईभर कांदा मूठभर उरला, गुलाबी-तपकिरी झाला आणि गोडूस वास सुटला की झाला. शेवटी ठेचलेला लसूण घालून दोन मिनिटं परता.

तोवर बटाटे बघा. साल हिरवी झालेली असेल किंवा कोंब आले असतील, तर तो भाग खोलवर कापून टाका. जास्तच हिरवा असेल, कडू लागत असेल, तर अख्खा बटाटा फेका. त्यातलं विष उकळून जात नाही. शीतगृहातून आलेला बटाटा गोडसर लागतो आणि लवकर लाल होतो, त्याला आच कमी ठेवा. बटाट्याच्या काचऱ्या करतो तशा गोल चकत्या करा, पण थोड्या जाड, दोन नाण्यांइतक्या. उकळत्या मिठाच्या पाण्यात पाच-सहा मिनिटं ठेवून गाळा आणि कापडावर पसरा. चकती वाकली पाहिजे, तुटली नाही पाहिजे. एवढं केलं की पुढे गॅसही कमी जळतो.

तिसरं काम दुधाचं. उरलेल्या तुपात मैदा मंद आचेवर दोन मिनिटं भाजा, लाल करू नका. मग भांडं खाली उतरवून कोमट दूध थोडं थोडं घाला. पिठल्याच्या गुठळ्या मोडतो तशा मोडत राहा. पुन्हा आचेवर ठेवून पातळ पिठल्याइतकं दाट करा. चमच्याच्या पाठीवर थर बसला की पुरे. आता आच बंद करून मगच दोन वड्या चीज किसून घाला. उकळत्यात घातलं तर त्याचं तूप सुटतं आणि चोथा होतो. मिरपूड घाला. मीठ चाखून घाला, कारण चीज आधीच खारट असतं.

आता थर लावायचे. साधारण आठ इंची, उभ्या काठाचा अॅल्युमिनियमचा डबा घ्या, आतून तूप लावा. तळाला बटाट्याच्या चकत्या एकीवर एक चढवत मांडा. वर निम्मा कांदा, वर दुधाचं दाट. पुन्हा बटाटा, उरलेला कांदा, दाट. शेवटी बटाटा, उरलेलं दाट, आणि त्यावर किसलेलं चीज. भाकरीचा चुरा चमचाभर तुपात चोळून सगळ्यात वर भुरभुरवा. ज्वारीच्या भाकरीचा चुरा भाजला की असा कुरकुरीत होतो, की पाव लागतच नाही.

भाजण्यासाठी एक जुनं, जाड, मोठं पातेलं घ्या. तळाला अर्धा इंच जाड मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, मधे एक लोखंडी कडं ठेवा. झाकण घालून दहा मिनिटं तापवा. मग डबा कड्यावर ठेवा, झाकण लावा, मध्यम आचेवर तीस-पस्तीस मिनिटं. हेच मीठ पुढे पुन्हा पुन्हा वापरता येतं, स्वयंपाकात मात्र नको. काही जणी कुकर वापरतात. पाण्याशिवाय कुकर तापवला की त्याची रिंग जळते आणि भांडंही बिघडतं, म्हणून आम्ही सांगत नाही.

पातेल्यात खालून शिजतं, पण वरून लाल होत नाही. त्यासाठी जुनीच युक्ती आहे. कोकणात काकडीचं धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवतात, तसेच शेवटची दहा मिनिटं लोखंडी झाकणावर निखारे ठेवा. हे अंगणात, मोकळ्या हवेत करा आणि पोरांना लांब ठेवा. चूल नसेल तर लोखंडी तवा गॅसवर खूप तापवा आणि झाकणाच्या जागी पातेल्यावर पालथा घाला. दोनदा केलं की रंग येतो.

सुरी घालून बघा. अडखळली नाही, कडेने बुडबुडे आले, वर सोनेरी पापुद्रा धरला की उतरवा. लगेच कापू नका. पंधरा मिनिटं थांबलात तर थर बसतात आणि तुकडा अख्खा निघतो. उरलं तर ते दुधाचं आहे, हे विसरू नका. उन्हाळ्यात तास-दीड तासाच्या वर बाहेर ठेवू नका. ऑर्डर घेतली असेल तर भाजायची वेळ देण्याच्या वेळेला जोडून ठेवा.

आता ती दुसरी चूक. त्या रात्री आम्ही वहीत बटाटा, कांदा, दूध, चीज, गॅस, रिक्षाभाडं, सगळं लिहिलं. पाच जणी सकाळपासून राबल्या होत्या, त्यांची मजुरी कुठेच नव्हती. आणि दिवसभरात त्यातला एक घासही कोणी खाल्ला नव्हता. पदार्थ पाणचट आहे हे आधी कळलं असतं, पण चाखलाच नव्हता. चाळीस प्लेट म्हणजे चाळीस, त्यातली एकही आपली नाही, असं आम्ही मनाशी धरलं होतं.

आता आमच्या गटात दोन नियम आहेत. ऑर्डर घेताना हिशोबाच्या पहिल्या ओळीवर मजुरी लिहायची, बटाट्याच्या आधी. आणि घाण्यातला पहिला तुकडा करणारणीने खायचा. तपासायला म्हणा, हवं तर.

घरीही तेच करून बघा. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाला काय राहिलं ते आपलं, असं करू नका. डबा ताटात काढण्याआधी सुरीने आठ सारखे तुकडे आखा. घरात सात माणसं असतील तर आठवा उद्याच्या डब्याला, पण सातात तुम्ही आहात की नाही, हे आधी मोजा. सगळ्यात छान पापुद्रा कडेला धरतो. ती खरवड हट्टाने मागा. लहानपणी मागितली होती, तशीच.

या आठवड्यात करून बघा आणि बैठकीत सांगा, पाणी सुटलं का, रंग आला का, आणि कडेचा तुकडा कोणी खाल्ला.