लहरी टिमोरासो

इटलीतल्या पिएमोंतची टिमोरासो ही जुनी पांढरी द्राक्षजात भलतीच लहरी. फळधारणा बेभरवशाची, एकाच घडात टपोरे मणी आणि त्यांना खेटून मोहरीएवढे खुरटे मणी, म्हणजे शॉट बेरीज. त्यात एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने मुळांतला रस शोषून युरोपातल्या बागा उजाड केल्या. अमेरिकी खुंटावर कलमं बांधून त्या पुन्हा उभ्या राहिल्या (खुंटकलम नाशिककरांना काय सांगायचं!), पण पिएमोंतच्या शेतकऱ्यांनी टिमोरासोऐवजी भरघोस पिकणारी कोर्तेझे जात लावली. पोटापुढे त्यांचं तरी काय चुकलं? १९८०च्या दशकात तिथले वाईन उत्पादक वॉल्तेर मास्सा यांनी घरच्या मळ्यातल्या उरल्यासुरल्या टिमोरासोची वेगळी वाईन काढली. आम्लता चढी असल्यानं ती बाटलीत वर्षानुवर्षं छान मुरते. आता आसपासचे मळेवालेही टिमोरासो लावू लागलेत.