कोल्हापूरचा नवा राजवाडा : रचना आणि नामाभिधान

कोल्हापुरात ‘राजवाडा’ हे एकच नाम दोन वास्तूंना लावले जाते. महालक्ष्मी मंदिरानजीकचा तो जुना राजवाडा. कसबा बावड्याच्या वाटेवरील तो नवा. या विशेषणांमुळे दोहोंत केवळ काळाचे अंतर असावे, असा समज होतो. वस्तुतः हा भेद रचनातत्त्वाचा आहे.

मराठी वाडा स्वभावतः अंतर्मुख असतो. देवडी ओलांडून चौकात यावे, चौकाभोवती सोपे असावेत, प्रकाश व वारा चौकातूनच घरात यावा, ही त्याची व्यवस्था होय. रस्त्याकडील बाजू भक्कम व अबोल. इंग्लंडमधील जमीनदाराच्या दगडी गढीवजा घराचा प्रारंभही संरक्षणाच्या गरजेतूनच झाला. मध्ययुगात त्यातील मोठे दालन हेच न्यायनिवाड्याचे व सहभोजनाचे स्थान होते. पुढे, विशेषतः सोळाव्या शतकापासून, संरक्षणाची निकड ओसरली तसे हे घर बहिर्मुख झाले. मोठ्या खिडक्या, प्रमाणबद्ध दर्शनी बाजू व सभोवार उद्यान ही त्याची लक्षणे ठरली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभियंते हाच संस्कार घेऊन हिंदुस्थानात आले.

नव्या राजवाड्याचे शिल्पकार मेजर चार्ल्स मॅन्ट यांचा करवीर संस्थानाशी संबंध त्यापूर्वीच आला होता. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन पावले. तेथे १८७४ साली उभारलेल्या त्यांच्या छत्रीचा आराखडा मॅन्ट यांचाच होता. राजवाड्याचे बांधकाम १८७७ ते १८८४ या काळात झाले. मॅन्ट १८८१ साली वारले, तर ज्यांच्या कारकिर्दीत काम सुरू झाले ते चौथे शिवाजी महाराज १८८३ साली अहमदनगर येथे निधन पावले. म्हणजे पूर्ण झालेला राजवाडा ना शिल्पकाराने पाहिला, ना राजाने. १८८४ सालीच दत्तक आलेल्या शाहू महाराजांच्या वाट्याला तो आला.

घडीव काळ्या दगडाची ही इमारत उद्यानाच्या मध्यभागी उभी असून तिचा अष्टकोनी घड्याळाचा मनोरा दुरूनच लक्ष वेधतो. दुरून दिसावे ही वृत्ती वाड्याची नव्हे. तथापि अलंकरण देशी आहे. गुजरात-राजस्थानातील जैन व हिंदू वास्तुकलेची छाया त्यावर स्पष्ट दिसते. दुमजली उंचीच्या दरबार दालनात महिरपी कमानी आहेत आणि शिवछत्रपतींच्या जीवनातील प्रसंग रंगीत काचांवर चित्रित केले आहेत. रंगीत काचेचे तंत्र युरोपीय चर्चमधले, विषय मात्र मराठ्यांच्या इतिहासातला.

अशा वास्तूंना ‘इंडो-सारासेनिक’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘सारासेन’ हा शब्द युरोपीयांनी मुसलमानांसाठी वापरला; जिच्या अलंकरणात देवालयांच्या परंपरेचा वाटा इतका मोठा आहे, त्या वास्तूस ही संज्ञा अपुरी पडते. ती संज्ञा वास्तूचे वर्णन करण्याऐवजी तिला नाव देणाऱ्यांची दृष्टीच अधिक प्रकट करते. लोकांनी दिलेले ‘राजवाडा’ हे नावही रचनेच्या दृष्टीने काटेकोर नाही. परंतु त्यात एक तथ्य आहे. येथे ‘वाडा’ या शब्दाने विशिष्ट मांडणीचा अर्थ सोडला आणि सत्ताधाऱ्याचे वसतिस्थान एवढाच अर्थ राखला. रूप पालटले तरी कार्य तेच राहिल्यामुळे जुना शब्द टिकला.

पुढे कार्यही अंशतः पालटले. १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९७४ साली राजवाड्याच्या एका भागात शहाजी छत्रपती संग्रहालय सुरू झाले. तरीही नाव बदलले नाही. म्हणून अशा वास्तूचा अभ्यास करताना मांडणी, अलंकरण, उपयोग व नाम या चार अंगांचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट होय. ही चारही अंगे एकाच गतीने बदलत नाहीत, आणि त्यांच्या गतीतील तफावतीतूनच संक्रमणकाळाचा इतिहास वाचता येतो.