ऐकू नाही आलं, फाउल!

सोलापूरचं विडी घरकुल. संध्याकाळचे साडेपाच वाजलेत, तरी उन्हाचा चटका कमी होत नाही. मधल्या पाटीवर आठ मुली उकिडव्या बसल्यात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. शाळा सुटल्यावर आईबरोबर विड्या वळूनच बऱ्याच जणी येतात. आपसात तेलुगू चालतं, खो-खो शिकवणाऱ्या ताईंशी मराठी.

"ऐकू नाही आलं. फाउल!"

सातवीतल्या पोरीनं पुढचीच्या पाठीला हात लावलाय, पण 'खो' ओठातच राहिलाय. नियम साधा आहे: हात लागेल त्याच क्षणी 'खो' मोठ्यानं आणि स्पष्ट म्हटला पाहिजे. घरात हळू बोल, हळू हस ऐकत वाढलेल्या मुलीला हे पळण्यापेक्षा अवघड जातं. ताई तिला पुन्हा बसवतात. पुढच्या खेपेला तिचा 'खो' रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जातो. तो वळून बघतो. ती मात्र बघत नाही, पळणारी खांबाजवळ पोचलीय.

डाव संपतो, पाणी फिरतं, मग जोड्या लागतात. एकीनं चालत यायचं, समोरचीनं नको वाटेल तिथं 'थांब' म्हणायचं. पहिल्या 'थांब'ला सगळ्या हसतात. ताई हसू देतात, मग विचारतात, "हसत म्हणाली तर समोरचा थांबेल का? आणि समजा, नाही म्हणता आलंच नाही, भीतीनं तोंडच उघडलं नाही, तर चूक कोणाची?"

"त्याची," मागून एक आवाज येतो.

यानंतर बिस्किटांच्या जुन्या डब्यातल्या निनावी चिठ्ठ्या. पाळीत पळलं तर गर्भाशय सरकतं का? नाही सरकत, दुखत असेल तर बसा, नसेल तर खेळा. पांढरं जातं, तो आजार आहे का? थोडं जाणं नैसर्गिक. खाज सुटली, वास आला, रंग बदलला, तर सरकारी रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये जा. तिसरी चिठ्ठी ताई दोनदा वाचतात: तो फोटो मागतोय, नाही दिला तर बोलणार नाही म्हणतो. "मग न बोलू दे की," कुणीतरी फटकन म्हणतं. ताई त्यावर हसत नाहीत. फोटो आधीच गेला असला तरी मला येऊन सांगा, मी ओरडणार नाही, एवढंच म्हणतात. मला वाटतं, आजच्या तासाभरातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच.

खेळातून असं शिकवणं नवं नाही. नाझ फाउंडेशननं 2006 साली दिल्लीत नेटबॉलच्या जोडीनं मुलींशी आरोग्याचं बोलायला सुरुवात केली. मुंबईत गोवंडीच्या वस्तीत 'परिवर्तन' उपक्रमानं कबड्डी निवडली. सोलापूर-धाराशिव पट्ट्यात खो-खोच चालणार. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, हे इथल्या आयांनाही ठाऊक आहे. "पोरगी खेळायला जाते" हे शेजारणीला सांगता येतं. "पाळीबद्दल ऐकायला जाते" हे नाही.

पण मैदान आपोआप सुरक्षित होत नाही. 2023 मध्ये लैंगिक छळाविरुद्ध जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर मुलींनी ते देशाला दाखवलं. म्हणून इथं दोन बायका असल्याशिवाय सराव सुरू होत नाही, आणि सूर मारताना हाताची पकड दाखवायची तरी ताई आधी विचारतात, "धरू का?"

पोरी चपला शोधतायत. दहावीतली एक, चांगली उंच, एकेरी साखळीत पळताना कुणाला न सापडणारी, रेंगाळते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा माझ्या डोक्यात आहे: जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर दहा बायकांपैकी चौघींचं लग्न अठराच्या आत झालेलं.

"ताई, त्या मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला फोन केला तर माझं नाव घरी कळतं का?"

"नाव सांगत नाहीत. कशाला, स्थळ आलंय?"

"बघूलालेत. परीक्षा झाली की म्हणे."

"आई काय म्हणते?"

"आईला नकोय. बोलत नाही ती."

"मग आधी आईशी बोलते. उद्या सकाळी येऊ? विड्या द्यायला जायच्या आधी?"

मुलगी चपलेचा पट्टा लावता लावता हिशेब करते. "उद्या नको, मामा असतोय. परवा या. आणि ताई, खो-खोचंच बोलायला आलेय म्हणा."